विदिशेच्या वाटेवरची वस्तुसंग्रहालये

तीन-चार कुटुंबांनी मिळून एखादी मोठी मोटार ठरवावी आणि दोन दिवसांत एखाद्या प्रदेशाचा इतिहास त्याच्या वस्तुसंग्रहालयांतून पाहून यावा, असा बेत आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात कधी ना कधी येतो. बेत मोठ्या उत्साहाने ठरतो, शिदोरीची यादी होते, चालकाशेजारी कोणी बसावे यावरून मुलांचे भांडणही होऊन जाते. संग्रहालय कोणत्या वारी बंद असते, एवढेच विचारावयाचे राहते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही बारा जण भोपाळहून सांचीस गेलो, ते नेमके शुक्रवारी. टेकडीवरील स्तूपांचा परिसर उघडा होता. पायथ्याचे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद असते. आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षक होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. सारनाथचे सिंहशीर्ष, म्हणजे आपली राष्ट्रमुद्रा, त्यांनी जन्मभर मुलांना शिकविली होती. सांचीच्या अशोकस्तंभावरही तसेच चार सिंह होते; ते एकदा डोळ्यांनी पाहावेत, एवढ्यासाठी ते आले होते. बंद दारापाशी क्षणभर उभे राहून ते म्हणाले, "असू द्या, पुन्हा येऊ." त्यांचे पुन्हा येणे झाले नाही. वाराची चौकशी करण्याचे काम माझ्याकडे होते.

म्हणून भोपाळ-सांची-विदिशा असा बेत करणाऱ्या वाचकांस पहिली विनंती अशी, की शनिवार-रविवार धरावा. राज्य शासनाची संग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात. निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे, आणि हे काम मंडळींतील एकाच व्यक्तीकडे सोपवावे. सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच नव्हे.

भोपाळ ते सांची हा सुमारे पन्नास किलोमीटरांचा रस्ता. वाटेत दिवाणगंजजवळ कर्कवृत्ताची खूण आहे. तेथे गाडी थांबवावी लागतेच, कारण एक पाय या बाजूस व दुसरा त्या बाजूस ठेवल्याखेरीज मुले पुढे निघत नाहीत.

सांचीस पोहोचल्यावर आधी टेकडी चढू नये. आधी संग्रहालय पाहावे. येथील सिंहशीर्षास सव्वादोन हजार वर्षे झाली, तरी मौर्यकाळची झिलई अजून हातास जाणवेल असे डोळ्यांना वाटते. सारनाथच्या सिंहांखालील पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह आहेत. येथे त्या जागी हंसांच्या जोड्या कोरल्या आहेत. हे मनात ठेवून वर जावे आणि मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणापाशी थांबावे. तेथे त्याच स्तंभाचा बुंधा आपल्या मूळ जागी उभा आहे. वरचा भाग कोणा जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडून नेला, असे या स्थळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या सर जॉन मार्शल यांनी नोंदविले आहे. खाली पाहिलेले शीर्ष वरच्या बुंध्यावर मनाने बसविणे, हे काम संग्रहालयाची पाटी करू शकत नाही. ते आपणच करावयाचे असते. उलट क्रमाने गेल्यास बुंधा हा नुसता दगड दिसतो.

याच दक्षिण तोरणावर एक लहानसा लेख आहे: हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर कसा चालला, ते जवळून पाहावे. विदिशा येथून अवघी दहा किलोमीटर आहे.

हे गाव १९५६ पर्यंत भेलसा म्हणून ओळखले जाई, आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात असल्यामुळे मराठी घरांना ते नाव परके नाही. येथील जिल्हा संग्रहालयात कुबेर यक्षाची प्रचंड पाषाणमूर्ती आहे. तिच्यापुढे मोठी माणसेही लहान वाटतात. नंतर बेसनगरचा हेलिओडोरसचा स्तंभ पाहावा. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा हा दूत स्वतःस भागवत म्हणवितो आणि वासुदेवासाठी गरुडध्वज उभारतो, ही गोष्ट इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. गावकरी या स्तंभास खामबाबा म्हणत व शेंदूर लावीत. १८७७ साली कनिंगहॅमसारखा जाणता संशोधक त्याच्यापुढे उभा राहिला, पण शेंदराच्या जाड थराखालचा लेख त्यास दिसला नाही. तो पुढे तीसेक वर्षांनी उजेडात आला. ज्या शेंदराने लेख झाकला त्यानेच तो जपलाही असेल, असे मला नेहमी वाटते.

उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यांतील वराह उन्हे उतरण्यापूर्वी पाहून घ्यावा. भोपाळची संग्रहालये मोठी आहेत, पण ती दुसऱ्या दिवसाच्या सकाळी उरतील तेवढीच पाहावीत. सर्व काही पाहण्याचा हट्ट धरला, की चौथ्या दालनात मुले रडू लागतात आणि वडीलमंडळी बाक शोधू लागतात. वृद्ध माणसे बरोबर असतील तर दुपारचे दोन तास कोठेही न जाता सावलीत काढावेत. आमच्या बायकांनी नेलेली दशम्या-चटणीची शिदोरी अशा वेळी कोणत्याही उपाहारगृहाहून उपयोगी पडली.

गेल्या थंडीत आम्ही पुन्हा गेलो. शनिवार होता. गुरुजींचा नातू या वेळी आमच्याबरोबर आला होता. तो सिंहशीर्षापुढे जमिनीवर मांडी घालून बसला आणि वहीत हंसांच्या जोड्या काढू लागला. पंख काही केल्या जमेनात. बाहेर चालकाने दोनदा भोंगा वाजविला, तरी त्यास उठविण्यास आमच्यापैकी कोणी गेले नाही.