एखादा दरवाजा तरी…

आमचा वाडा पाडला, तेव्हा सागवानी दारं, तुळया मी सरसकट वखारवाल्याला विकल्या. आई एवढंच म्हणाली, "एखादा दरवाजा तरी ठेवायचास!" मी हसलो.

परवा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची एक हकीकत वाचली. १८६५ साली पिटहोलला तेल लागलं. वर्षाच्या आत पंधरा हजारांची वस्ती झाली. विहिरी आटल्या, तसं गाव उठलं. तिथलं ६०,००० डॉलरचं हॉटेल फ्रँकलिन टार्बेल यांनी ६०० डॉलरला घेतलं आणि त्याच्याच लाकडांनी, खिडक्यांनी टायटसव्हिलला घर बांधलं. त्यांची लेक आयडा तिथं वाढली. पुढं १९०४ साली स्टँडर्ड ऑइलचा इतिहास लिहून तिनं रॉकफेलरच्या मक्तेदारीचे वाभाडे काढले.

पिटहोलच्या जागी आज गवत आहे. ते घर मात्र लोकांनी जपलंय.

आईचं म्हणणं मला आता पटलंय. पण सांगू कुणाला?