आमचे अप्पा आणि इष्टुर फाकडा

गुप्तहेराला लागणारे सगळे गुण माझ्या अंगी आहेत, असं माझं फार जुनं मत आहे. उंची मध्यम, रंग मध्यम, आवाज मध्यम. बँकेत सलग नऊ वर्षं मी एकाच काउंटरवर बसलो. मध्ये आठ दिवस रजेवर जाऊन आलो, तर एक नेहमीचे खातेदार पासबुक पुढे सरकवत म्हणाले, "तुम्ही नवीन का? इथं आधी एक चांगले गृहस्थ बसायचे." ते गृहस्थ मीच. पण 'चांगले' म्हणाले म्हणून मी गप्प बसलो. अशा माणसाला शत्रूच्या गोटात सोडलं, तर तो तिथून रीतसर सेवानिवृत्त होऊन, फंड-ग्रॅच्युइटी घेऊन परत येईल आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

सरकारला हे अजून कळलेलं नाही. मला मात्र दहाव्या वर्षीच कळलं होतं.

त्याला कारण लोणावळा. हेरकथा वाचायला याहून योग्य गाव मला ठाऊक नाही. पावसाळ्यात असं धुकं उतरतं, की समोरचा माणूस दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. दिसला की कानटोपी, रेनकोट आणि कपाळापर्यंत ओढलेली छत्री यांमुळे तो शत्रुराष्ट्राचा हस्तक वाटतो. आणखी जवळ आला की दूधवाला निघतो. सुट्टीच्या दिवशी शेकड्यांनी अनोळखी माणसं गावात उतरायची आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात एकसारखं चौकोनी पुडकं असायचं. त्यात चिक्की असते, हे मला ठाऊक होतं. पण सगळ्यांच्याच पुडक्यांत चिक्की कशी असेल, या विचारानं मला झोप लागत नसे.

हा विचार डोक्यात भरवला तो बाजारातल्या एका बोळातल्या वाचनालयानं. तिथं बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय एका फळीवर दाटीवाटीनं राहत. खालच्या फळीवर गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. शेजारी सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली आणि नाईकांनीही हजाराहून अधिक. म्हणजे दोन माणसांनी मिळून दोन हजारांवर भानगडी निर्माण केल्या आणि त्या सोडवूनही दाखवल्या. आमच्या शाखेत साडेसात रुपयांचा फरक तीन दिवस सापडत नाही!

चित्रांची हौस रद्दीवाला पुरवायचा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली निघाली आणि १९९० साली बंद पडली. बंद पडली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, त्यामुळे आमच्या वाट्याला बहुतेक जुनेच अंक आले. वेताळ होता, मॅन्ड्रेक होता. १९३४ साली अमेरिकेत जन्मलेला एजंट एक्स-९ हा फिल कॉरिगन होऊन, रद्दीच्या तागडीत बसून, किलोच्या भावानं आमच्यापर्यंत पोचला.

एवढी तयारी झाल्यावर पाठलागाला कोणीतरी हवं होतं. मी अप्पांची निवड केली.

अप्पा म्हणजे माझे वडील. वडगावला कचेरीत कारकून. रोज सकाळच्या लोकलनं जायचे, संध्याकाळच्या लोकलनं यायचे. आई विचारायची, "काय झालं आज हापिसात?" अप्पा म्हणायचे, "काही नाही." रोज सात तास 'काही नाही' करणारा माणूस मला संशयास्पद वाटू लागला. त्यातून दर शनिवारी संध्याकाळी ते पिशवी घेऊन 'जरा जाऊन येतो' म्हणत. कुठं, ते सांगत नसत.

एका शनिवारी मी त्यांच्या मागावर निघालो. अप्पा भाजीबाजारात गेले. मेथी घेतली. मग इकडेतिकडे पाहून झटकन बोळात शिरले, ते थेट माझ्याच वाचनालयात! आतून एक पुस्तक घेऊन आले, मेथीच्या जुडीखाली सरकवलं आणि तोंडावर पुन्हा तो 'काही नाही'चा भाव चढवून घरी परतले.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाला खाकी कव्हर चढलं आणि त्यावर अप्पांच्या वळणदार अक्षरात 'महसूल नियम' अशी चिठ्ठी लागली. तेव्हापासून माझी वाचनालयाची वर्गणी वाचली. अप्पा लोकलमध्ये असताना मी 'महसूल नियम' बीजगणिताच्या आत घालून वाचायचो आणि खुणेचं रेल्वे तिकीट बरोबर त्याच पानावर ठेवून द्यायचो. एकाच घरात एकच पुस्तक दोघंजण चोरून वाचत होतो, आणि बोलत होतो ते फक्त बीजगणिताबद्दल.

अप्पा बोलले असे एकदाच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी त्यांच्याबरोबर वडगावला निघालो होतो. मळवली स्टेशन आलं तशी त्यांनी खिडकीतून कार्ल्याच्या बाजूला बोट केलं.

"इथं इष्टुर फाकडा पडला. ठाऊक आहे?"

मला फक्त दारा बुलंद ठाऊक होता.

मग त्यांनी सांगितलं. १७७९ चा जानेवारी. इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली होती. तिच्यात कॅप्टन स्टुअर्ट हा मोठा शूर गडी. इतका, की मराठ्यांनीच त्याला कौतुकानं 'फाकडा' ही पदवी दिली. कार्ल्याजवळ तो मराठ्यांची फौज हेरायला झाडावर चढला आणि तोफेच्या गोळ्यानं खाली आला, असं सांगतात. वडगावात त्याची समाधी दाखवतात. पुढं इंग्रज तळेगावपर्यंत पोचले, तर गाव जाळून मोकळं केलेलं. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ते अंधारात गुपचूप मागे फिरले. गुपचूप फक्त त्यांच्या मते. मराठ्यांनी वाटेतच गाठलं, वडगावला कोंडलं आणि तह करायला लावला.

"मराठ्यांना कसं कळलं?" मी विचारलं.

"कळवणारानं कळवलं." अप्पा म्हणाले. "त्याचं नाव काय होतं, कोणाला ठाऊक? बहिर्जी नाईकांचंच बघ. १६६४ साली महाराजांनी सुरत मारली ती त्यांच्या बातमीवर. पण त्यांचा चेहरा कसा होता, सांगेल कोणी? झाडावर चढतो त्याची समाधी होते. काम करतो तो खालीच असतो."

एवढं बोलून अप्पांनी पेपर उघडला, तो वडगाव येईपर्यंत.

पुढे माझी बढती बाँडपर्यंत झाली, तेव्हा अप्पांचं बोलणं आठवलं. इयान फ्लेमिंगला १९५३ सालच्या पहिल्या कादंबरीसाठी अगदी बेचव, कोणाच्या लक्षात न राहणारं नाव हवं होतं, म्हणून त्यानं ते एका पक्षिशास्त्रज्ञाकडून उचललं. आणि मग हा गडी भेटेल त्याला तेच नाव दोनदोनदा ऐकवत सुटला! हा हेर नव्हे, हा फाकडा. योगायोग म्हणजे स्टुअर्टचंही नाव जेम्सच होतं. रमेश मंत्रींनी त्याला जनू बांडे करून मराठीत आणला, तो योग्यच न्याय झाला. जॉन ल कारेचा जॉर्ज स्मायली १९६१ साली आला. बुटका, लठ्ठ, अंगाला न बसणारे कपडे घालणारा. त्याला वाचताना मला सारखा वडगावच्या लोकलचा डबा दिसायचा.

हेरकथेचं वेड का सुटत नाही, याचं माझं उत्तर तिथंच आहे. एरवी जगात नजरेत न भरणं हा दोष. लग्नाच्या पंगतीत जिलबी आपल्याला वगळून पुढे जाते, बढतीची यादी आपल्याला वगळून पुढे जाते. फक्त हेरकथेत याच गोष्टीला गुणवत्ता म्हणतात. तिथं गप्प बसणाऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे, असं धरून चालतात.

१९९५ च्या फेब्रुवारीत, माझ्या दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, 'महसूल नियम' मोठे रंगात आले होते. आपल्या गोटातला फितूर कोण, हे आता उलगडणार, तोच पृष्ठ १५२ नंतर एकदम मागचं कव्हर! पुढची आठ पृष्ठं कोणीतरी काढून नेलेली. अप्पांनाही ती मिळाली नसणार, असं वाटून मला त्यांची दयाच आली. पण विचारणार कसं? विचारणं म्हणजे कबुलीजबाब. मी मुकाट्यानं बीजगणिताकडे वळलो आणि पास झालो. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो.

अप्पा २०२१ साली गेले. कागदपत्रं आवरताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, विजेच्या बिलांखाली टाचणी लावलेली आठ पृष्ठं सापडली. १५३ ते १६०. सोबत वाचनालयाची नुकसानभरपाईची पावती, रुपये दहा फक्त. आणि त्याच वळणदार अक्षरात टिपण होतं : 'खुणेचे तिकीट वारंवार उलटे आढळते. वाचक घरातलाच. परीक्षा होईपर्यंत पृष्ठे काढून ठेवली आहेत. मागितल्यास देणे.'

मागितल्यास देणे! सव्वीस वर्षं आम्ही एका ताटलीतले पोहे खाल्ले. मी मागितली नाहीत, त्यांनी दिली नाहीत.

त्या रात्री मी ती आठ पृष्ठं वाचली. फितूर कोण ते सांगत नाही, पण माझा अंदाज साफ चुकला होता. अप्पांचा चुकला नसावा, कारण नावापाशी तांबड्या पेन्सिलीनं बरोबरची खूण आहे.

पृष्ठं मी पुन्हा टाचणी लावून पेटीत ठेवली आहेत. आमचे चिरंजीव यंदा दहावीला आहेत. परवा संध्याकाळी मी 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडलो, तर बोळाच्या तोंडाशी मागं चपलांचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. मेथी घेतली आणि घरी आलो.