खूणगाठी आणि वाचनखुणा

आंतरजालावर मराठी रुजू लागली त्या काळात घडवलेले पारिभाषिक शब्द आज फारसे कुणी वापरत नाही. 'न्याहाळक' विरळ झाला, 'महाजाल' जवळजवळ गेलाच. 'दुवा' टिकला, आणि काही प्रमाणात 'वाचनखूण'ही. पोथीत ठेवलेले मोरपीस किंवा वाळलेले बेलाचे पान म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे. पण पुस्तकातली खूण आणि न्याहाळकातली खूण यांत एक फरक आहे. पहिली पुस्तकाच्या पोटात असते. पुस्तक हरवले की तीही हरवते. दुसरी पानाच्या बाहेर, आपल्या यंत्रावर असते. पान नाहीसे झाले तरी ती मागे उरते.

बुलढाणा जिल्ह्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' अशी विभागणी बोलण्यात सहज येते. आमचे महाविद्यालय घाटावरचे. दोन हजारच्या दशकात मराठी विभागात एकच संगणक होता, दूरध्वनीच्या तारेवरून रांगत येणारी जोडणी होती आणि भारनियमन तर रोजचेच. त्या दिवसांत वाचनखूण ही चैन नव्हती. देवनागरी टंकणे कष्टाचे, प्रत्येक वृत्तपत्राचा टंक वेगळा, शोधयंत्राला मराठी शब्द रोमन अक्षरांत समजावून सांगायचे म्हणजे निम्मा तास तिथेच जायचा. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. तिथे एकदा पोहोचल्यावर कंट्रोल आणि डी या दोन कळा दाबून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी वीज असेपर्यंतच्या वेळात थेट शब्दच पाहता येत असे. जाणकार मंडळी याच्याही पुढे जात. फायरफॉक्समध्ये प्रत्येक खुणेला एखादे लघुनाम देता येते. 'को' असे टंकले की कोश उघडावा, अशी सोय आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी करून ठेवली होती. ते महानुभाव गद्याचे अभ्यासक होते, आणि ही युक्ती विद्यार्थ्यांना दाखवताना ते न चुकता 'स्थानपोथी'चा उल्लेख करीत.

तो उल्लेख नुसता विनोदाचा नव्हता. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या जागांची नोंद 'स्थानपोथी' करते: कोणते गाव, गावाच्या कोणत्या दिशेला, कोणते देऊळ, त्याचे दार कुणीकडे. तिथे लीळा सांगितलेली नसते. लीळेपर्यंत जाण्याचा पत्ता असतो. पुढे अनुयायांनी अशा जागी ओटे बांधले. मेहकर आणि लोणार ही आमच्या जिल्ह्यातली दोन्ही गावे स्वामींच्या भ्रमंतीत येतात. या ग्रंथाचे आणि 'लीळाचरित्रा'चे संपादन करणारे वि. भि. कोलते हेही मूळचे इथलेच, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. म्हाइंभटांची मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. मजकूर गेला तरी तो कुठे घडला याची खूण टिकावी, ही निकड त्या पंथाला का वाटली असेल, हे मग वेगळे सांगायला नको.

मेहकरचेच आणखी एक नाव इथे आठवते. ना. घ. देशपांडे आयुष्यभर मेहकरला राहिले, तिथेच त्यांनी वकिली केली. त्यांच्या ज्या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचे नाव 'खूणगाठी'. विसरू नये म्हणून पदराला मारलेली ती गाठ. 'वाचनखूण'पेक्षा मला हाच शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण गाठ स्वतः मारावी लागते आणि ती कशासाठी मारली हेही स्वतःच लक्षात ठेवावे लागते. असो.

सहकारी निवृत्त झाले, पुढे काही वर्षांनी वारले. विभागातला जुना संगणक भंगारात देण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या वाचनखुणा मी एका फाइलीत काढून घेतल्या. ही फाइल साध्या संपादकात उघडून पाहावी अशी आहे. पहिल्याच ओळीत नेटस्केपचे नाव असते. तो न्याहाळक कधीच अस्तंगत झाला, पण त्याने घालून दिलेला हा साचा आजचे न्याहाळकही पाळतात. प्रत्येक दुव्याशेजारी एक लांबलचक आकडा असतो: १ जानेवारी १९७० पासून त्या क्षणापर्यंत उलटलेले सेकंद. त्यावरून खूण कोणत्या दिवशी, किती वाजता केली ते काढता येते. सरांच्या खुणा बहुतेक पहाटेच्या आहेत. वीज असण्याची खात्री त्याच वेळी असे.

एका विद्यार्थिनीने ही यादी स्वच्छ करून देण्याची तयारी दाखवली. मेलेले दुवे शोधून काढून टाकणारी साधने मिळतात, दहा मिनिटांचे काम. मी नको म्हटले. २००९च्या ऑक्टोबरात जिओसिटीज बंद झाले तेव्हा तिथली पाने गेली. अनेक व्यक्तिगत संकेतस्थळे कुणी भाडे भरले नाही म्हणून गेली. काही पाने उघडतात, पण जुन्या टंकातली असल्यामुळे नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. किल्ली नसलेली सकळ लिपीच म्हणायची. त्यातली काही इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडली, आणि तीही सापडली ती नेमका पत्ता हाती होता म्हणून. त्या संग्रहाला विषय सांगून फारसे काही हाती लागत नाही, पत्ता द्यावा लागतो. दुवा मृत म्हणून पुसला असता तर ही पाने दुसऱ्यांदा गेली असती.

आजच्या विद्यार्थ्यांना खुणा कराव्या लागत नाहीत. शोधयंत्राला विचारले की पुन्हा सापडते, असे ते म्हणतात, आणि बहुतेक वेळा सापडतेही. मात्र जे सापडते ते कुणीतरी लावलेल्या क्रमाने सापडते, आणि तो क्रम उद्या वेगळा असतो. सरांच्या यादीतला क्रम त्यांचा होता. 'महानुभाव' किंवा 'संतसाहित्य' अशी विषयवार कप्पेबंदी त्यात जवळजवळ नाहीच. कप्प्यांची नावे आहेत 'पुन्हा पाहणे', 'तारीख तपासणे', 'वर्गात सांगणे'. एकाचे नाव आहे 'पटले नाही'. त्यात अकरा दुवे आहेत, पैकी चार अजून उघडतात. चारही लेख मी वाचले. दोन मला पटले. सरांना ते का पटले नाहीत, याची नोंद कुठेच नाही. आता त्या विद्यार्थिनीने तेच दोन लेख वाचायला घेतले आहेत.