दहा मिनिटं थांबा ना!

‘चकाचक’ या शब्दाची मला भीती वाटते. गोंदियातल्या एका लॅबमध्ये टीबीच्या संशयितांचा बेडका तपासणं हा माझा जॉब. खरी लढाई टेबलावरची! टीबीच्या जंतूला मेणचट कवच असतं. उन्हात तो लवकर गारद होतो, सावलीत मात्र कितीतरी दिवस तग धरतो.

आपण काय करतो? स्प्रे मारला, लगेच फडकं फिरवलं, झालं! बॉस, जंतू असा मरत नाही. १ टक्का हायपोक्लोराइटने टेबल किमान १० मिनिटं ओलं राहायला हवं. बेडका सांडला तर द्रावणात भिजवलेला कागद टाकून अर्धा तास थांबायचं, कारण चिकट घाण क्लोरीनच खाऊन टाकते. द्रावणही रोज ताजं हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा शिळ्या बाटलीतला दम आणखी लवकर जातो.

मग नुसतं स्पिरिट? ७० टक्केवालं जंतू मारतं, पण त्याचा डीएनए मागे उरतो. आणि सीबीनॅट मशीन मेलेल्या जंतूचाही डीएनए ओळखतं! म्हणून आधी हायपो, मग स्पिरिट.

टीबी पसरतो मुख्यतः हवेतून, मान्य. पण टेबलावरून एकाचे जंतू दुसऱ्याच्या नमुन्यात गेले, तर रोवणीला जाणाऱ्या एखाद्या धडधाकट बाईच्या हाती सहा महिन्यांच्या गोळ्या पडतात. मजुरी बुडते, गावात कुजबुज होते ती वेगळीच.

इन्स्टंटच्या जमान्यात तिच्यासाठी १० मिनिटं जास्त आहेत का, सांगा!