मुद्देमालातलं फूल

आपल्याकडे कार्यक्रम सरकारी असो की पक्षाचा, सत्काराला पुष्पगुच्छ ठरलेला. गुलाब, जरबेरा आणि वर चकचकीत प्लास्टिक. पाहुणा तो हातात घेतो, फोटो निघतो, गुच्छ मागच्या कार्यकर्त्याकडे जातो आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्चीखाली पडलेला दिसतो. वार्ताहर म्हणून वर्षानुवर्षं हेच बघतोय.

काही देशांत फुलाला याहून जास्त मान आहे. रोमानियात शुभप्रसंगी फुलं मोजून विषम देतात, सम संख्या मयताला. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला सैन्याने हुकूमशाही उलथवली, तेव्हा लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली. त्या क्रांतीला आजही त्याच फुलाच्या नावाने ओळखतात.

मग आपल्या डहाणू-तलासरीच्या इतिहासातलं फूल कुठलं? राज्याचं फूल ताम्हण. जव्हार-विक्रमगडचा मोगरा दादरच्या बाजारात जातो. पण इथल्या माणसाच्या पोटाशी आणि इतिहासाशी जोडलेलं फूल एकच, मोहाचं.

होळीच्या आसपास मोहाची पानं झडतात आणि फुलं येतात. ही फुलं तोडायची नसतात. पहाटे आपोआप खाली पडतात, मग बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, त्या चैत्रातही पाड्यांवर फुलं वाळत घातलेली दिसतात. वाळवलेली फुलं शिजवून, भाजून खातात. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा तेव्हा या फुलांनी माणसं जगवली आहेत. पुढे फळं धरतात, बियांचं तेल निघतं. आणि हो, दारूही होते. ते लपवायचं कारण नाही.

याच दारूपायी हे फूल कायद्याच्या कचाट्यात सापडलं. इंग्रज सरकारने १८७८ चा अबकारी कायदा आणला आणि घरगुती दारूवर टाच आणली. तरी लोक ऐकेनात, म्हणून १८९२ मध्ये थेट फुलावरच कायदा केला. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात. जंगलात फुकट पडणारं फूल घरात साठवायचं तर सरकारची परवानगी हवी! गंमत बघा, त्याच काळात उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गळत होती आणि तिच्या करातून सरकारी तिजोरी भरत होती. म्हणजे वैर दारूशी नव्हतंच. महसूल बुडू नये, एवढीच काळजी.

इंग्रज गेले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहाची फुलं राहिलीच. फूल वेचणारी बाई संशयित ती संशयितच. पुढे १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा आला आणि गौण वनोपजावर गावाचा हक्क कागदावर मान्य झाला. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे बरेचसे निर्बंध काढले.

पण नजर बदलली का? आमच्या बातम्यांत मोहाचं नाव अजूनही येतं ते धाडीत सापडलेल्या मुद्देमालाच्या यादीत. खरं तर आज गावठी म्हणून जी विकली जाते, त्यातली बरीचशी काळा गूळ आणि नवसागराची. ती माणसं मारते, घरं उद्ध्वस्त करते, तिच्यावर कारवाई झालीच पाहिजे. बदनाम मात्र मोह होतो. आणि दुसरीकडे याच फुलाची दारू आता रीतसर परवाना घेऊन महागड्या बाटलीत विकली जाते. शहरातला माणूस ती वारसा म्हणून पितो. उरणच्या भट्टीपासून आजच्या बाटलीपर्यंत हिशेब तोच. फूल वेचणाऱ्याच्या हाती किती पडतं, हे कुणी विचारत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण, झाडं. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा वेगळा रेल्वेमार्ग, सगळं आपल्याच दोन तालुक्यांतून जातंय. पुढे वाढवण बंदराचे रस्ते आहेत. मोहाचं झाड लावल्यावर भरपूर फुलायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, तोडायला अर्धा तासही लागत नाही. म्हणून पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. आपल्या हद्दीत मोहाची झाडं किती, याची नोंद आहे का? आणि भरपाई ठरवताना फक्त लाकूड मोजतात, की दरवर्षी पडणारी फुलंही?

आणि कार्यक्रम ठेवणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या सत्काराला प्लास्टिकातला गुच्छ नको. पानाच्या द्रोणात ओंजळभर मोहफुलं द्या, पाड्यावरच्या बाईकडून रोख पैसे मोजून घेतलेली.

तुमच्या पाड्यावर मोहाची किती झाडं उरलीत? खाली गावाच्या नावासकट लिहा. सरकारी नोंद होईल तेव्हा होईल, आपली तरी सुरू करू.