आगगाडीच्या वाटेने सायकल

इंग्लंडमधील डर्बीशायरमध्ये मॉन्सल ट्रेल ही साडेआठ मैलांची खडीची वाट आहे. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची. आगगाडीला तीव्र चढ मानवत नाही. म्हणूनच माझ्या सत्तरीतील गुडघ्यांना ती मानवली. बेकवेलहून निघावे: जाताना हलका चढ, थकल्यावर परतताना उतार. वाय नदीवरील १८६३ सालच्या ज्या पुलावर रस्किन यांनी कडाडून टीका केली, तेथेच मी निवांत दम घेतला. बोगद्यांत मात्र जपावे. दिवे असले तरी उन्हातून शिरताना वृद्ध डोळे चटकन सरावत नाहीत, हवाही गार. मी उतरून, मफलर गुंडाळून चालतो. सोबत्यांनी हँडल धरू नये, मागून यावे. मुलगा प्रत्येक बोगद्यापाशी विचारी, “बाबा, परतायचे?” चौथ्यानंतर त्याने विचारणे सोडले.