वकील होण्यापूर्वीची वकिली

व्यापारी घरातील माणसास देण्याची सवय असते, मागण्याची नसते. पांजरपोळ, पाणपोई, वसतिगृह, दवाखाना यांच्या पावतीपुस्तकांत ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लागत आली, त्या घरातील एखाद्या स्त्रीवर ‘मोफत’ अशी पाटी असलेल्या दाराशी उभे राहण्याची वेळ आली, तर तिचे पाऊल उंबऱ्यावर अडते. तालुक्याच्या एका गावातील वहिनींचे पाऊल असेच अडले होते. पेठेत त्यांना लहानथोर सारे वहिनीच म्हणतात. येथेही तेवढे नाव पुरे.

वहिनींचे यजमान भुसार मालाची दलाली करीत. धाकट्या भावाचे दुकान निराळे, हिशेब निराळा, परंतु चूल बरीच वर्षे एकच होती. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात यजमान गेले. मागे वहिनी, एकवीस व एकोणीस वर्षांच्या दोन मुली आणि वृद्ध सासूबाई. कपाटात पाच मुदत ठेवींच्या पावत्या होत्या, एकूण अठरा लाख रुपये. महिना उलटल्यावर दीर आले आणि शांतपणे म्हणाले, “वहिनी, त्या पावत्या द्या. पाचही ठिकाणी नॉमिनी मी आहे. बँकेत अर्ज दिला आहे, मूळ पावत्या मागताहेत.”

दिरांच्या मनात कपट होते, असे म्हणता येणार नाही. इस्पितळाची तीन लाख वीस हजारांची बिले त्यांनी आपल्या दुकानातून भरली होती. ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले, तोच मालक, ही समजूत तर अर्ध्या बाजारपेठेची आहे. बँकेच्या काउंटरमागे आयुष्य काढलेल्या कोणालाही विचारावे. या एका गैरसमजापायी किती भाऊ एकमेकांस पारखे झाले, त्याची गणती नाही.

वहिनींनी पावत्या दिल्या नाहीत, आणि नाहीही म्हटले नाही. गावातील वकिलाकडे जावे तर संध्याकाळपर्यंत पेठेत बोभाटा. थोरल्या मुलीच्या मैत्रिणीची बहीण जिल्ह्याच्या गावी विधी महाविद्यालयात शिकत होती. तेथे दर मंगळवारी दुपारी विद्यार्थी लोकांच्या अडचणी ऐकतात, पैसे घेत नाहीत, असे कळले. चाळीस किलोमीटर दूर, हीच त्यातील पहिली सोय वाटली.

तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन टेबले, एक लोखंडी कपाट. समोर शेवटच्या वर्षाची एक मुलगी आणि एक मुलगा, आणि कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत बसलेल्या प्राध्यापिका. वहिनींनी बसण्यापूर्वीच विचारले, “फी किती?” फी नाही म्हटल्यावर त्या अधिकच साशंक झाल्या. ज्या मालाला भाव नाही, त्याची प्रत काय असणार, हा पेठेतला हिशेब. आणि दुसरी बोच अशी की, आपण काही गरीब नाही. ही जागा दुसऱ्या कोणा गरजूची आपण अडवतो आहोत.

त्या दुसऱ्या शंकेस प्राध्यापिकांनी उत्तरपत्रिकेवरून मान वर करून उत्तर दिले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत विधी सेवेस जे पात्र आहेत, त्यांत स्त्री केवळ स्त्री म्हणून पात्र आहे. तिचे उत्पन्न विचारले जात नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३९-अ मध्ये या कायद्याचे मूळ आहे, आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलात आहे. तेव्हा ही भिक्षा नव्हे. वहिनींनी हे ऐकले, मान हलविली; पण पाचशेची एक नोट त्यांनी फायलीत सरकवलीच, आणि ती तिथल्या तिथे परत आली.

अशा केंद्रांची व्यवस्था थोडी समजून घेण्यासारखी आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र चालवावयाचे असते, आणि त्यात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी काम करावयाचे असते. विद्यार्थी म्हणजे वकील नव्हे. १९६१ चा अधिवक्ता अधिनियम वकिलीचा अधिकार सनदधारकांनाच देतो. अमेरिकेत अनेक राज्यांत पर्यवेक्षक वकिलाला सोबत घेऊन विद्यार्थ्याला न्यायालयात उभे राहता येते. येथे तसे नाही. येथील विद्यार्थी ऐकून घेतो, कागद लावतो, कायदा शोधतो, मसुदा लिहितो, योग्य कचेरीपर्यंत सोबत जातो. वरवर पाहता हे दुय्यम काम वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक माणसे हरतात ती याच टप्प्यावर, न्यायाधीशापुढे पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

त्या दोघांनी वहिनींचे म्हणणे दोन तास ऐकले. व्यवसायात मुरलेल्या वकिलाला एवढा वेळ परवडणारा नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. विद्यार्थ्यापाशी अनुभवाचे भांडवल नसते, वेळेचे असते. मुलीने पाचही पावत्यांच्या छायाप्रतींवरून वहीत तक्ता काढला: पावती कधीची, नूतनीकरण केव्हा, नामनिर्देशन कोणत्या तारखेचे. मुलाने मात्र उत्साहात बँकेला खरमरीत पत्र लिहावयास घेतले की, खऱ्या वारस वहिनी असल्याने नॉमिनीस रक्कम देऊ नये.

प्राध्यापिकांनी ते पत्र वाचले आणि त्यावर आडवी रेघ मारली. बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम ४५-झेडए नुसार नॉमिनीला पैसे देऊन बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. कलम ४५-झेडबी प्रमाणे इतर कोणाच्या दाव्याची नोटीस बँकेवर बंधनकारकच नाही. न्यायालयाचा हुकूम वा प्रमाणपत्र आणले, तर मात्र बँकेला त्याची दखल घ्यावीच लागते. म्हणजे ते पत्र वहिनींना खोटा धीर देऊन गेले असते, आणि पावत्या कपाटात दडवूनही फार तर थोडे दिवस लांबले असते. हमीपत्रावर बँक पुढे जाऊ शकते. मुलाचा चेहरा उतरला. देखरेख म्हणतात ती हीच. तिच्यावाचून असे केंद्र चालविणे म्हणजे गाडी शिकणाऱ्याच्या हाती भरलेला ट्रक देणे होय.

मग कायद्याची खरी बाजू उलगडली. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने रक्कम धरून ठेवतो. बँक ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रामचंदर तलवार प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. आणि वारस कोण, हे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम ठरवितो. तो जैन कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसल्यामुळे पत्नी, दोन मुली आणि आई असे चार प्रथम वर्गातील वारस, चौघींना समान वाटा. भावाचा वाटा शून्य.

“आईंचाही?” वहिनींनी विचारले. त्या सारी रक्कम आपली व मुलींची धरून आल्या होत्या. मुलगी क्षणभर घुटमळली, पण तिने सांगितले, “हो काकू, सासूबाईंचा तुमच्याइतकाच.” समोरच्याला न रुचणारी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगणे पुष्कळ जाणत्यांनाही साधत नाही.

दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र हा एक मार्ग होता. वहिनींना घर कोर्टात न्यावयाचे नव्हते. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करावयाचे ठरले, जेणेकरून दावा न लावताच लोकअदालतीपुढे बोलणी व्हावीत. तेथे झालेल्या तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. म्हणजे बँकेपुढे ठेवण्याजोगा कागद हाती येतो. अर्थात दुसऱ्या बाजूची संमती हवी. लोकअदालत कोणावर निर्णय लादत नाही. अर्जाचा मसुदा तीन वेळा फिरला. पहिल्यात दिरांना ‘लबाड’ ठरविणारी दोन वाक्ये होती, ती गेली. तिसरा मसुदा सव्वा पानाचा होता.

या केंद्रांच्या उणिवाही लपविण्याचे कारण नाही. अर्ज गेला आणि परीक्षा आल्या. दीड महिना खोलीला कुलूप होते. वहिनी एका मंगळवारी चाळीस किलोमीटर येऊन बंद दाराशी उभ्या राहिल्या. दारावर साधी चिठ्ठीही नव्हती. तो मुलगा पदवी घेऊन गेला, फाइल नव्या विद्यार्थ्याकडे आली आणि सारी कथा पुन्हा सांगावी लागली. विद्यार्थ्याचे वर्ष संपते, अशिलाची अडचण संपत नाही, याचा विचार महाविद्यालयांनी केला पाहिजे. काही ठिकाणी तर केंद्र म्हणजे तपासणीच्या दिवशी दाखवावयाची पाटी एवढेच उरते. त्या दीड महिन्यात दिरांचा रेटा वाढला, नातेवाइकांचे फोन सुरू झाले, आणि पावत्या देऊन टाकाव्यात असे वहिनींना दोनदा वाटून गेले.

लोकअदालतीच्या दिवशी टेबलापलीकडे एक न्यायाधीश आणि एक वकील असे पॅनेल होते. विद्यार्थिनी वहिनींमागे उभी होती; बोलण्याचा अधिकार तिला नव्हता. दीर म्हणाले, “दादाने समजून-उमजून माझे नाव घातले. त्याच्या मनात मलाच द्यावयाचे होते.” कायद्याच्या दृष्टीने या वाक्यास फारसे वजन नव्हते, परंतु शेजारी सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या लेखी मुलाच्या मनात काय होते हाच सारा प्रश्न होता. वहिनींनी पिशवीतून तो वहीतला तक्ता काढला. पहिल्या ठेवीचे नामनिर्देशन लग्नाच्या दीड वर्ष आधीचे होते. त्या वेळी घरात पत्नी नव्हती, मुली नव्हत्या. होता तो धाकटा भाऊ. पुढच्या चारही पावत्यांवर तेच नाव मागील पानावरून पुढे आले होते, खतावणीत शिल्लक ओढावी तसे. सासूबाईंनी तक्ता जवळ घेतला, तारखा वाचवून घेतल्या आणि धाकट्या मुलाकडे पाहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत. दीर खाली पाहत राहिले, आणि मग म्हणाले, “इस्पितळाचे माझे पैसे तरी?”

विद्यार्थिनीने वहिनींना बाजूला नेऊन सांगितले की, ती रक्कम वारसांकडून मिळण्यासाठी दिरांना आपला दावा वेगळा सिद्ध करावा लागेल. येथे आज कबूल करण्याचे बंधन नाही. सल्ला योग्य होता. वहिनी म्हणाल्या, “बेटा, ते डायलिसिसला त्यांना आठवड्यातून दोनदा स्वतः नेत होते. बिले खरी आहेत.” मुलीला ते पटले नाही, जिंकलेला मुद्दा हातचा सोडल्यासारखे तिला वाटले. तिने दूर उभ्या असलेल्या प्राध्यापिकांकडे पाहिले. त्यांनी एवढेच म्हटले, “प्रकरण काकूंचे आहे.” सल्ला देणाऱ्याचे काम कोठे संपते, हे त्या मुलीला त्या दुपारी उमगले असावे.

अठरा लाखांतून तीन लाख वीस हजार वजा होऊन चौदा लाख ऐंशी हजार उरले, आणि प्रत्येकीच्या वाट्यास तीन लाख सत्तर हजार आले. सासूबाईंनी आपला वाटा आपल्याच नावे ठेवला, कोणालाही दिला नाही. निवाड्याची प्रत बँकेत दिल्यावर विधी अधिकाऱ्याचे मत येण्यास अकरा दिवस लागले; मग रक्कम चार खात्यांत जमा झाली. दीर अजून वहिनींकडे जेवायला येत नाहीत. परंतु पर्युषणात क्षमापनेला आले होते.

विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक वहिनींच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहिलेला आहे. पेठेतल्या दोन घरांतील बायकांनी तो कोणी पाहत नाही असे पाहून उतरवून नेला.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. वहिनी आपल्या ठेवीसाठी तो अर्ज भरावयास गेल्या. दोन्ही मुलींची नावे घालून त्यांनी पुढे ५० व ५० असे लिहिले, तारीख टाकली, आणि काउंटरवरील तरुणाने अर्ज खणात टाकण्यापूर्वी त्याच्याकडून पोच मागून घेतली.